चाळिशीजवळ बी.एड. करून गणिताचा शिक्षक होता येईल का?

उद्यमबागेतील एक (बेळगाव तालुका)

सर्वांना नमस्कार. माझे वय ३९ आहे. गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन मी २००७ साली ५८ टक्के गुणांनी बी.एस्सी. झालो. त्याच वर्षी वडील आजारी पडल्यामुळे पुढचे शिक्षण सोडून उद्यमबागेतील एका कारखान्यात लागलो आणि आजही तेथे तयार कास्टिंगची मापे तपासण्याचे काम करतो. गेली चार वर्षे मी गावातील देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी मराठी माध्यमाच्या मुलांचे गणित घेत आहे. पहिल्या आठवड्यात शेजारची दोन मुले आली होती. आता एकवीस येतात.

गेल्या महिन्यात आठवीतील एका मुलीने विचारले, "ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले की उत्तर धन का येते?" नियम मला पाठ होता, पण तिला पटेल असे कारण सांगता आले नाही. ती "बरं" म्हणून खाली बसली आणि ते "बरं" अजून माझ्या मनातून गेलेले नाही. शिकवण्याचे काम रीतसर शिकून घ्यावे, असे तेव्हापासून फार वाटू लागले आहे.

घरी पत्नी शिवणकाम करते आणि दोन मुले शाळेत आहेत. या वयात प्रवेश मिळतो का, नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने बी.एड. करता येईल का आणि कन्नड बोलता येत असले तरी लिहिता येत नाही, त्याची अडचण कितपत होईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

खानापूरची शिक्षिका

दादा, मी ३७ व्या वर्षी बी.एड.ला प्रवेश घेतला, म्हणून आधी वयाचे सांगते. प्रवेशासाठी पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, ते तुमच्याकडे आहेत, आणि या अभ्यासक्रमाच्या राष्ट्रीय निकषांत कमाल वयाची अट नाही. वयाची मर्यादा पुढे सरकारी भरतीच्या वेळी येते. ती प्रत्येक जाहिरातीत प्रवर्गानुसार दिलेली असते, त्यामुळे प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी मागची जाहिरात मिळवून आपले वय त्यात कोठे बसते हे पाहून घ्या. मी हे उशिरा पाहिले आणि त्याचा मला फार मनस्ताप झाला.

खरी कसोटी हजेरीची असते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून वर्गाला ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के उपस्थिती लागते. ही आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची असते आणि त्यातील बहुतेक आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. पाठटाचण लिहिणे, शैक्षणिक साहित्य तयार करणे आणि सराव पाठानंतर निरीक्षकांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करणे यात संध्याकाळही जाते. आमच्या वर्गात एक गृहस्थ रात्रपाळी करून सकाळी येत असत. दुसऱ्या सत्रात त्यांची प्रकृती इतकी ढासळली की त्यांना शिक्षण सोडावे लागले. तुम्ही हा मार्ग धरू नये, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

दूरशिक्षणाच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो. दूरशिक्षणाचे बी.एड. हे सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा ज्यांनी अध्यापनाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नियमित वर्गात बसून आधीच पूर्ण केला आहे त्यांच्यासाठी असते. आपण या दोन्हींत बसत नाही. कोणी मध्यस्थ "घरबसल्या पदवी मिळवून देतो" म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

दुसरे म्हणजे कोणत्या इयत्तांना शिकवायचे हे आधी ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी बी.एड. पात्र धरले जात नाही, तेथे डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, लागते. सहावी ते आठवीसाठी बी.एड.बरोबर शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावे लागते. त्यात १५० गुणांपैकी ६० गुण गणित व विज्ञानाला असतात, तर बालविकास व अध्यापनशास्त्र आणि दोन भाषा यांना प्रत्येकी ३० असतात. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण मिळवावे लागतात. प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य असल्यामुळे ही परीक्षा एकदा नीट तयारी करून देणे हिताचे आहे.

कन्नडविषयी स्पष्ट लिहितो. आपण मराठी माध्यमात मराठीतूनच शिकवाल, आणि गणिताचे पाठ्यपुस्तकही मराठीतच असेल. मात्र खात्याची परिपत्रके, प्रशिक्षणे आणि वरिष्ठांशी पत्रव्यवहार कन्नडमध्ये चालतो. आपल्या भागातील कित्येक उत्तम मराठी शिक्षक केवळ लिहिता येत नाही म्हणून आपल्या शाळेची मागणी कागदावर मांडू शकले नाहीत, हे मी पाहिले आहे. शाळेची खोली गळत असेल तर तो अर्जही कन्नडमध्येच लिहावा लागतो. म्हणून लिपीपासून आजच सुरुवात करावी.

आता त्या मुलीच्या प्रश्नाविषयी. फळ्यावर एकाखाली एक लिहा: ३ गुणिले ऋण २ म्हणजे ऋण ६, २ गुणिले ऋण २ म्हणजे ऋण ४, १ गुणिले ऋण २ म्हणजे ऋण २, शून्य गुणिले ऋण २ म्हणजे शून्य. प्रत्येक पायरीला उत्तर दोनने वाढते आहे, हे मुलांनाच सांगू द्या. मग ऋण १ गुणिले ऋण २ लिहा आणि खडू त्या मुलीच्या हातात द्या. अध्यापन पद्धतीच्या तासाला या प्रकारचे काम शिकवले जाते, आणि आपल्याला त्याचीच भूक लागली आहे असे दिसते.

उचगावकर

गुरुजींचे सगळे म्हणणे मान्य आहे, तरी पगाराची बाजू कोणीतरी सांगायला हवी. मी बी.एड. झाल्यावर सहा वर्षे एका विनाअनुदानित शाळेत शिकवत आहे आणि माझा पगार कारखान्यातील कुशल कामगारापेक्षा कमी आहे. भरती कधी निघेल हे आपल्या हाती नसते. शिक्षणाच्या दोन वर्षांनंतरही किमान एक वर्ष घर चालेल इतकी शिल्लक असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. मला मुलांसमोर उभे राहणे आवडते, म्हणून मी टिकलो आहे. पण घरातील माणसांना हे आधी कळायला हवे.

उद्यमबागेतील एक (बेळगाव तालुका)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. काल रात्री पत्नीबरोबर वही घेऊन हिशेब केला. तीन वर्षांची तरतूद आज होत नाही, म्हणून यंदाचा प्रवेश सोडून पुढील वर्षी अर्ज करायचा असे ठरवले आहे. भरतीची मागची जाहिरातही मिळवतो. कारखान्यात माझ्या शेजारी बैलहोंगलकडचे एक सहकारी काम करतात. जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धा तास कन्नड लिहायला शिकवण्याचे त्यांनी कबूल केले आणि आज पहिली सोळा अक्षरे गिरवून झाली.

गुरुजी, आपण सांगितल्याप्रमाणे खडू त्या मुलीच्या हातात दिला. तिने "धन २" लिहिले आणि मागे वळून "मग ऋण २ गुणिले ऋण २ म्हणजे ४ ना?" असे विचारले.