वाट मोडलीय! दसऱ्यानंतरच्या डोंगरवाटांचे अनुभव

पाऊस सरला की सह्याद्रीत दोनेक महिने मोठे फसवे असतात. टाक्यांत पाणी तुडुंब, हवा स्वच्छ, आणि वाटा? गवतात गडप. पाठीवर बिऱ्हाड घेऊन अशा वाटांना गेलेल्यांनी इथे लिहा. फोटो नकोत, फजिती हवी.

सुरुवात माझ्यापासून. रतनगडावरून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतमार्गे हरिश्चंद्रगड, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, सॅक १४ किलोंची. खिंडीपलीकडे वाट हरवली, म्हणजे एकीच्या जागी पाच सापडल्या. गुरांनी पावसाळाभर तुडवलेल्या ढोरवाटा अगदी ठसठशीत. खरी वाट छातीएवढ्या गवताखाली. गुरं चरायला जातात, पुढच्या गावाला नाही, हे कळायला दीड तास गेला. शेवटी एक गुराखी आजोबा भेटले. "वाट हितंच हाय की," म्हणत त्यांनी काठीनं गवत बाजूला सारलं. खाली झिजून गुळगुळीत झालेला दगड!

कातळटोपी: नळीची वाट (हरिश्चंद्रगडावर चढणारी अरुंद घळ), बेलपाड्यातून, नोव्हेंबर. चढाई ओढ्याच्या पात्रातून, त्यामुळे दर पावसाळ्यात धोंड्यांची मांडणी बदलते. आदल्या वर्षी ज्यावर बसून पोळीभाजी खाल्ली, तो धोंडा यंदा पाय ठेवताच डुलला. पण घोळ माझाच. सॅकच्या बाहेर मॅट आडवी बांधलेली. कातळटप्प्यावर ती कपारीत अडकली आणि मी ना वर, ना खाली. पाय लटपटायला लागले. मागच्या मित्राने चाकूने मॅटचा बंद कापला, ती गेली नळीत गडगडत. मग सगळ्या सॅक दोराने वर घेतल्या, जे आधीच करायला हवं होतं. रात्री कोकणकड्याच्या वाऱ्यात मॅटशिवाय झोपलो. झोपलो कसला!

भाकरतुकडा: कुसळांबद्दल कोणी कसं बोलेना? माझे मोजे आईने मशीनला लावले, पुढचे दोन महिने बाबांच्या बनियनमध्ये कुसळं निघत होती.

रानजाई: मोबाईलमध्ये कुणाचातरी मागच्या डिसेंबरचा जीपीएस ट्रॅक होता, म्हणून निर्धास्त होते. डोंगराच्या कुशीतून आडवं जाताना एका वळणावर वाट संपली. पुढे ओली लाल माती, उपटलेली झाडं. दरडीने वाट पार खाली नेलेली. ट्रॅक मात्र हवेतून सरळ पलीकडे जात होता. वळसा घालून वर चढताना कारवी धरली, ती मुळासकट हातात आली. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि बी धरून मरते, हे पुस्तकात वाचलं होतं. मेलेली कारवी धरायची नसते, हे घसाऱ्यावर पंधरा फूट घसरल्यावर समजलं. ढोपरावर खूण आहे अजून. दुपारचे चार वाजले होते, सरळ माघारी फिरलो. ग्रुपमधल्या दोघांनी त्यावरून आठवडाभर तोंड वाकडं केलं. करोत.

घाटाखालचा: मी ट्रेकर नाही, पायथ्याच्या वाडीतला. तुम्ही ज्यांना मोडलेल्या वाटा म्हणता, त्यातलीच एक माझ्या आजीची माहेरची वाट. डोक्यावर तांदळाचं ओझं घेऊन ती घाट चढायची, वरून कांदा-मिरची घेऊन उतरायची. पाऊस उघडला की पहिला जाणारा कोयता घेऊन निघायचा, येताजाता झुडपं छाटली जायची. एसटी आली, घाट चढायचं कारण उरलं नाही, वाट राबती राहिली नाही. आणि एक सांगू का? ऑक्टोबरात आमची भातकापणी असते. ऐनवेळी येऊन "दादा, जरा वाट दाखवा ना" म्हणू नका. आधी फोन करा, दिवसाची मजुरी ठरवा, कुणीतरी नक्की येईल.

रानजाई: दादा, अगदी पटलं. पुढच्या वेळी असंच करणार.

पायपीट: कातळटोपी, मॅट निळी होती का? डिसेंबरात नळीत एक सापडली. माझ्याकडे आहे, घेऊन जा. कुसळं फुकट.