परसात आडोशाला कुठलं झाड लावू? मदत हवी आहे
कळंब्याला घर आहे, मागं शेजाऱ्यांचा दोन मजली बंगला झालाय आणि त्यांच्या जिन्यातनं आमचं परस, धुणं-भांडी सगळं दिसतंय, माणसं चांगली आहेत हो पण अवघडल्यासारखं होतंय. हिरवी नेट बांधली ती वळवाच्या वाऱ्यात फाटली, मधुमालती सोडली तर ती वर पसरली आणि खाली नुसत्या काड्या. जागा 25 फूट लांब पण रुंदी दोनच फूट, काळी माती, पावसात पाणी साचतंय, ऊन दुपारपर्यंत. कण्हेर विषारी, घरात कुत्रं आहे म्हणून नको. नर्सरीवाला पिवळा बांबू लावा म्हणतोय, पण त्याचं बेट फुगून कंपाउंडच्या भिंतीला धक्का बसेल काय? नाहीतर वर्षा-दीड वर्षात 8-10 फूट होणारं, खालपासनं दाट राहणारं दुसरं काय लावू आणि रोपांत अंतर किती ठेवू?