माथेरानच्या जुन्या बंगल्यात दोन रात्री : पैसे वसूल की नुसता थाट?

लालमाती:
गेला शनिवार-रविवार माथेरानला एका ब्रिटिशकालीन बंगल्यात काढला. डागडुजी करून त्याचं आता हॉटेल केलंय. उंच छत, रुंद व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, खोलीत टीव्ही नाही. दोघांचे दोन रात्रींचे, जेवणासकट, वीस हजारांच्या वर गेले. बायको म्हणाली, एवढ्यात गोवा झाला असता! मला मात्र वसूल वाटले. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली हा डोंगर चढले आणि मग मुंबईच्या साहेबांनी, पारशी शेटांनी इथे बंगले बांधले. त्यांतल्या काहींना आज कुलूप आहे, कौलं फुटलीत, आत माकडांचा संसार. माझं सरळ म्हणणं : बंगला टिकवायचा तर त्यात माणसं राहायला हवीत, तीही पैसे मोजणारी.

नेरळचा:
दस्तुरी नाक्याच्या पुढे, माथेरानात, मोटारगाडी बंद. मग तुमची बॅग बंगल्यापर्यंत कोणी नेली हो?

लालमाती:
हमालाने. मागितले तेवढे दिले.

नेरळचा:
दिले असतील, वाद नाही. पण खालच्या वाड्यांमधून बायामाणसं रोज डोंगर चढून कामाला येतात, पावसातसुद्धा. पावसाळ्यात पायथ्याच्या नेरळहून येणारी छोटी रेल्वेगाडी बंद, वरच्या अमन लॉज स्टेशनपासून पुढची शटल तेवढी चालू. हातरिक्षा बंद करा हे सांगायला २०२५ साल आणि सुप्रीम कोर्ट लागलं. तुम्हाला व्हरांड्यात जी शांतता मिळाली ना, ती कोणाच्या तरी पाठीवरून वर आलीय.

चुनाविटा:
दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण डागडुजी नक्की कसली झाली, ते कोणी विचारतच नाही. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा लागतो. तो ओल शोषतो आणि सोडतोही. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे सुटतात. आता इथे सिमेंटचं पोतंसुद्धा घोड्यावरून न्यायचं, त्यामुळे काम महाग पडतं हे मान्य. तरी जुन्या दिव्यांचे फोटो लावले म्हणजे वारसा जपला असं होत नाही. लालमाती, बाथरूमची भिंत कशी होती?

लालमाती:
अं... पोपडे होते. मला वाटलं जुनेपणा आहे.

चुनाविटा:
हाहा. जुनेपणा नव्हे, सिमेंट असणार.

पाचवीची_सहल:
आम्ही लहानपणी बाजाराजवळच्या लॉजवर उतरायचो. एका खोलीत सात जण, गाद्या जमिनीवर, सकाळी बादलीत गरम पाणी, दुपारी गुजराती थाळी. तेही लॉज जुनंच होतं, पण त्याला कोणी 'हेरिटेज' म्हटलं नाही, कारण तिथे साहेब राहिला नव्हता. आदमजी पीरभॉयनी १९०७ साली छोटी गाडी सुरू केली ती काय फक्त बंगलेवाल्यांसाठी? माथेरान आमच्यासारख्यांचंही आहे.

लालमाती:
कोण नाही म्हणतंय? पण तुमचं ते लॉज आहे का अजून?

पाचवीची_सहल:
नाही. पाडून काँक्रीटचं बांधलं. एसी आहे आता.

लालमाती:
मग? बघा!

नेरळचा:
'बघा' काय? त्या एसीवाल्यातही बॅग आमचाच माणूस नेतो.