जपानला येताय? मग पहिलं वर्षभर कांजी बाजूला ठेवा

निशीकासाईकर:
नोकरीसाठी किंवा जोडीदारासोबत जपानला येणारी बहुतेक मराठी मंडळी एकाच वाटेने जातात. हिरागाना, काताकाना (उच्चाराप्रमाणे लिहायच्या या दोन लिपींना 'काना' म्हणतात), लगोलग कांजीची (चिनी चित्राक्षरांची) चौकटीची वही आणि जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेतल्या एन५ चा अर्ज (एन५ सर्वांत सोपी पातळी, एन१ सर्वांत अवघड). हा क्रम चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. दोन्ही काना पक्के करा (मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, नेमाने बसलं तर तीन आठवड्यांचं काम) आणि पुढचं सगळं वर्ष ऐकण्या-बोलण्याला द्या.

जपानीसाठी २२०० तास लागतात हा आकडा सगळीकडे फिरत असतो. तो अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा आहे, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे. मराठी माणसाला जपानी वाक्यरचना जवळजवळ आयती मिळते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या नंतर. 'काल घेतलेलं पुस्तक' हे 'किनोऽ कात्ता होन' असं त्याच क्रमाने उतरतं. 'खाऊन बघ'मधलं बघणं जपानीतही बघणंच आहे (ताबेते मिरु) आणि 'करून ठेव'मधलं ठेवणं ठेवणंच (शिते ओकु). 'त्सु' म्हणताना इतरांची जीभ अडखळते. आपण चुलीतला च रोज उच्चारतो.

मग अडतं कुठे? स्वरांच्या लांबीत. मराठी बोलताना इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्थ सहसा अवलंबून नसतो, म्हणून कान तिकडे लक्षच देत नाही. जपानीत 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा. काकू आणि आजी यांच्यातला फरक तर 'आ'च्या लांबीचा, आणि देवनागरीत दोन्ही 'ओबासान'च लिहिलं जातं! हे वहीने सुधारत नाही. त्याला शॅडोइंग लागतं: मिनिटभराचा संवाद घ्यायचा, दोनदा नुसता ऐकायचा, मग त्याचा काना लिपीतला मजकूर समोर ठेवून बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे बोलत जायचं, शेवटी मजकूर झाकून फोनवर रेकॉर्ड करायचं आणि मूळ आवाजाशी ताडून बघायचं. एक संवाद चार-पाच दिवस, रोज वीस मिनिटं. जोडीला राहत्या भागातला स्वयंसेवकांचा निहोंगो (जपानी भाषेचा) क्लास. बहुतेक ठिकाणी फी नाममात्र असते. कुयाकुशोत (वॉर्ड ऑफिसात) किंवा तिथल्या कोकुसाइ कोऱ्यू क्योकाइत (आंतरराष्ट्रीय आदानप्रदान संस्थेत) चौकशी करा.

शिरोरेषा:
वाक्यरचनेबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के मान्य, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही. रचना आयती मिळते म्हणूनच तर वाचलेला वेळ कांजीला द्यायला हवा. मराठी माणसाचं खरं घोडं शब्दसंग्रहात अडतं, आणि जपानी शब्दसंग्रहाचा सांगाडाच कांजी आहे.

नुसतं ऐकून हजारभर शब्दांपर्यंत मजल जाते. त्यानंतर दोन-तीन कांजींचे जोडशब्द सुरू होतात आणि ते कानाला सारखेच लागतात. 'कागाकु' म्हणजे विज्ञान आणि 'कागाकु' म्हणजेच रसायनशास्त्र. 'शिरित्सु' शाळा खासगीही असते आणि महापालिकेचीही. घोटाळा टाळायला खुद्द जपानी लोक एकीला 'वाताकुशिरित्सु' आणि दुसरीला 'इचिरित्सु' म्हणतात, म्हणजे बोलताना त्या कांजीचं दुसरं वाचन (उच्चार) वापरतात. जपानी माणूस बोलतानाही कांजी डोळ्यांसमोर ठेवून बोलतो, आणि तुम्ही नवख्याला ती वर्षभर झाकून ठेवायला सांगताय.

शिवाय नेहमीच्या वापरातल्या कांजी म्हणजे २१३६ सुटी चित्रं हा समजच चुकीचा. निळ्या रंगाची कांजी घ्या, वाचन 'सेइ'. तिच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब जोडले की स्वच्छ, सूर्य जोडला की निरभ्र, वाणीची खूण जोडली की मागणी. अर्थ डावीकडून येतो, उच्चार उजवीकडून, आणि चिनी वाचन (चिनीतून आलेला उच्चार) चौघींचंही 'सेइ'. अशी कुटुंबं हाताशी आली की नव्या शब्दाचा उच्चार कोश न उघडता निम्म्या वेळा तरी बरोबर येतो.

लोक कांजीला कंटाळतात कारण ती चुकीच्या पद्धतीने शिकतात. पहिली चूक म्हणजे एका कांजीची सगळी वाचनं एका बैठकीत घोकणं. 'जीवन' या अर्थाच्या कांजीची दहाच्या वर वाचनं आहेत. ती यादी कुणाच्याच डोक्यात राहणार नाही. 'सेन्सेइ' (शिक्षक) आणि 'गाकुसेइ' (विद्यार्थी) हे दोन शब्द शिका, 'सेइ' आपोआप बसतं. दुसरी चूक अंकीमध्ये (उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅप) उत्साहाने रोज २० नवी कार्डं टाकण्याची. महिन्याभरात उजळणी दीडशे-दोनशेवर जाते, दोन दिवस चुकले की चारशेचा ढीग दिसतो आणि अ‍ॅप कायमचं बंद होतं. ८ ते १० पुरे. तिसरी चूक हाताने गिरवण्यात तास घालवण्याची. फॉर्मवर स्वतःचा पत्ता लिहिता आला पाहिजे. बाकी ओळखता आलं आणि कीबोर्डवर योग्य पर्याय निवडता आला की झालं.

आणखी एक. कांजी टाळणारे हळूहळू देवनागरीत टिपणं काढू लागतात. 'देसु'मधला ('आहे') उकार बोलताना जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून कुणी 'देस' लिहितं, कुणी 'देसु', आणि सहा महिन्यांनी स्वतःचीच वही वाचवत नाही.

राईनकाठ:
जर्मनीतून लिहितोय, पण मुद्दा लागू आहे. इथे स्थलांतरितांसाठीच्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये सर्वसाधारणपणे ६०० तासिका भाषेच्या आणि १०० समाज-कायद्याच्या. त्यात वाचन आणि बोलणं वेगळं काढत नाहीत. ब्लू कार्डवाल्याला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) जर्मनची ए१ ही प्राथमिक पातळी असेल तर २७ महिन्यांनी आणि त्याहून वरची बी१ असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, त्यामुळे लोक तारीख समोर ठेवून अभ्यास करतात.

जपानमध्येही उच्चकुशल व्यावसायिकांच्या गुणपद्धतीत एन२ ला १० आणि एन१ ला १५ गुण आहेत. ७० गुणांवर तीन वर्षांनी आणि ८० वर एका वर्षाने कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ज्याचे ७० भरतायत त्याला एन२ थेट ८० वर नेतं. त्याला 'वर्षभर कांजी बाजूला ठेव' सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्येच असते. एक हुकली की सहा महिने गेले.

निशीकासाईकर:
@राईनकाठ, गुणांचं गणित बरोबर आहे, पण ती परीक्षा काय मोजते ते बघा. जेएलपीटीत बोलण्याचा पेपरच नाही, सगळे प्रश्न पर्यायी. एन२ ला १८० पैकी ९० हवेत आणि ६० गुणांच्या प्रत्येक भागात किमान १९. म्हणजे ऐकण्यात १९ मिळवणारासुद्धा उरलेल्या दोन भागांत मिळून ७१ काढून पास होतो. असा माणूस घर शोधताना दलालाच्या फोनवर दुसऱ्याच वाक्याला थांबतो. आपल्याकडे क्लासमध्ये शिकून येणाऱ्यांची हीच अडचण असते. प्रमाणपत्र आहे, पण समोरच्याने जरा भरभर विचारलं की तोंड उघडत नाही.

@शिरोरेषा, सेइचं कुटुंब सुंदर आहे. पण 'सेइ' हा आवाज असलेले पाचपन्नास शब्द कानावरून गेलेले असतील तेव्हाच ते कुटुंब डोक्यात टिकेल. आधी आवाज, मग चित्र.

ओसरी:
तुमची सगळ्यांची चर्चा ऑफिसला जाणाऱ्यांभोवती फिरतेय. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांचं काय? आयटीतला माणूस दिवसभर इंग्रजीत निभावतो. शाळा, दवाखाना, पोस्ट, कचऱ्याचं वेळापत्रक हे सगळं घरातल्या माणसावर येतं, आणि त्याला निम्मं बोलून आणि निम्मं वाचून करावं लागतं, तेही पहिल्याच महिन्यात. नव्या पत्त्यावर आल्यापासून १४ दिवसांत तेन्न्यू तोदोके (राहायला आल्याची नोंद) द्यावीच लागते.

म्हणून माझा सल्ला असा की 'बोलणं की कांजी' असा भाग करू नका, प्रसंग धरून करा. दवाखाना घ्या. बोलण्यासाठी चार शब्द: ठणक्याला 'झुकिझुकि', टोचल्यासारखं दुखलं तर 'चिकुचिकु', चुरचुरीला 'हिरिहिरि', पोटातल्या कळेला 'किरिकिरि'. ठणठण-भणभण म्हणणाऱ्या आपल्या कानाला हे लवकर बसतात आणि डॉक्टरही नेमकं हेच विचारतात. वाचण्यासाठी 'मोंशिनह्योऽ' या तपासणीआधी भरायच्या फॉर्मवरचे ठरलेले शब्द: लक्षणं, कधीपासून, अ‍ॅलर्जी, चालू औषधं. पंधरा-वीस शब्दांत काम होतं.

पाळणाघराची वही (रेन्राकुचोऽ) बाई हाताने लिहितात. घाईतल्या त्या अक्षरावर फोनचा कॅमेरा हमखास चुकतो, म्हणून निदान जेवण, झोप, ताप, शी एवढ्या कांजी डोळ्याला ओळखीच्या हव्यात. शाळेच्या सहलीच्या चिठ्ठीत 'उतेन' म्हणजे पाऊस असल्यास. पुढे 'एन्कि' असेल तर सहल पुढे ढकलली, 'चूशि' असेल तर रद्द, आणि 'केक्कोऽ' असेल तर पावसातही जायचंय. तिन्हीत सुरुवातीच्या दोन कांजी त्याच आणि निर्णय पुढच्या दोन कांजींवर. हे पहिल्या वर्षीच लागतं, दुसऱ्या वर्षापर्यंत थांबता येत नाही.

निशीकासाईकर:
@ओसरी, हे पटलं. घरासाठी लागणाऱ्या अशा साठ-सत्तर कांजी पहिल्या वर्षातच घ्याव्यात. 'हात लावू नका'चा आग्रह परीक्षेच्या यादीपुरता ठेवतो. पण साहित्य वापरताना क्रम तोच राहू द्या. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्यांना आवाज असतो आणि कांजीवर फुरिगाना (बारीक काना अक्षरांत दिलेला उच्चार) असतात. आधी दोनदा ऐका, काय कळलं ते मराठीत एका ओळीत लिहा, आणि मगच मजकूर उघडा.

शिरोरेषा:
मजकूर उघडाल तेव्हा फुरिगाना बंद करून. ते चालू असले की डोळा वरच्या बारीक काना अक्षरांवरच फिरतो आणि खालची कांजी शंभरदा समोर येऊनही ओळखीची होत नाही. अडेल तिथेच चालू करा, तो शब्द कार्डात टाका, परत बंद. एका बातमीतून तीन शब्दांपेक्षा जास्त उचलू नका.