सातवीच्या वर्गात जपान: ओनिगिरी न्यावी की दोरायाकी?

कोथरूडकर:
मुलीला वर्गात जपानवर सादरीकरण करायचे असून चाळीस मुलांना पुरेल असा एक जपानी पदार्थ सोबत न्यायचा आहे. वर्गात फ्रीज नाही, गरम करण्याची सोय नाही आणि निम्मी मुले शाकाहारी आहेत, त्यामुळे सुशीचा हट्ट मी पहिल्याच दिवशी मोडून काढला. माझे मत ओनिगिरीला आहे. इंद्रायणीचा भात मुळात चिकट असल्याने ओल्या, मीठ लावलेल्या तळव्यांत त्याचे त्रिकोणी मुटके सहज वळता येतात, सुशीप्रमाणे व्हिनेगर लागत नाही, आणि पोटात उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाऐवजी लिंबाचे लोणचे भरले तरी चालते.

फिरस्ता:
लोणचे भरलेला मुटका म्हणजे मुलांच्या लेखी डब्यातला भातच. त्यापेक्षा दोरायाकी न्यावी: दोन मऊ, गोल धिरडी आणि मध्ये अझुकी या तांबड्या कडधान्याचे गोड सारण. कडधान्य गोड करून खाणारे आपण एकटेच नाही, हे पुरणपोळीवर वाढलेल्या मुलांना एका घासात कळेल. शिवाय कार्टूनमुळे नाव त्यांच्या तोंडी आहेच.

सरळवाट:
दोरायाकीच्या पिठात अंडे असते, ते फिरस्ता यांच्या नजरेतून सुटले. ओनिगिरीवर भुरभुरवायला फुरिकाके या भातावर शिवरायच्या कोरड्या मिश्रणाचे तयार पाकीट आणले तर त्यातही अनेकदा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचा कीस निघतो. भाजलेले तीळ पुरेत. नोरीच्या, म्हणजे ओनिगिरीभोवती गुंडाळायच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पट्ट्या मात्र वेगळ्या डब्यात न्याव्यात, कारण भाताला लागून राहिलेली नोरी ओलसर आणि चिवट होते. जपानी दुकानांतल्या ओनिगिरीत दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो याचसाठी.

फिरस्ता:
अंडे वगळता येईल. पण पहाटे वळलेला भात दुपारपर्यंत उकाड्यात बंद डब्यात ठेवून तो चाळीस मुलांना वाटणे मला धोक्याचे वाटते. खारट उमेबोशीने भात टिकतो अशी जपानी समजूत आहे खरी, पण केवळ त्या भरवशावर मी हे करणार नाही.

कोथरूडकर:
हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि फ्रीजमध्ये ठेवावा तर भात दाणेदार, कडक होतो. सादरीकरणाला पहिला तास मिळेल का, हे उद्या बाईंना विचारते. नाही मिळाला, तर बिनअंड्याची धिरडी आणि लाल चवळीचे सारण. मुलीला मात्र अझुकीऐवजी चवळी का घेतली, हे वर्गात स्पष्ट सांगायला लावीन.