छोट्या घरांची विंटेज शॅम्पेन: नुसतं साल बघून बाटली घेऊ नका

तळघर

परवा 'दोन लिटर' यांनी इथे लिहिलं की शॅम्पेन घ्यायची तर शेतकरी घरांचीच, म्हणजे स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतःच बाटली काढणाऱ्यांची घ्यावी. त्यांची २०१८ आणि २०१९ ची विंटेज (त्याच एका वर्षाच्या द्राक्षांची शॅम्पेन) बाजारात आली आहे, लेबलवर आर.एम. (शेतकरी-उत्पादक) ही अक्षरं दिसली की डोळे मिटून घ्या, मोठ्या घरांची शॅम्पेन म्हणजे कारखान्याचा माल. खाली सगळ्यांनी 'वाचनखूण साठवली' म्हणून धन्यवादही दिले. मला यातलं निम्मंही पटलेलं नाही. उत्तर लांबणार म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी २०१८. त्या वर्षी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशात पीक इतकं आलं की टाक्या पुरेनात. हिवाळा ओला, पुढे कडक उन्हाळा, ऑगस्टच्या विशीतच तोडणी सुरू. साखर भरपूर, आम्लता कमी. अशा वर्षी तिथल्या कोत द ब्लां भागात ज्याने घड कमी ठेवले आणि वेळेत तोडले, त्याची वाइन उभी राहिली. ज्याने वेलीवर येईल तेवढं येऊ दिलं, त्याची पातळ झाली. लेबलवर दोघांच्याही २०१८ च. मी लंडनमध्ये शेजारशेजारच्या गावांतल्या दोन २०१८ एकाच संध्याकाळी उघडल्या. आग्रापार या घराची 'मिनेराल' पहिल्या घोटापासून खारट, ताणलेली, तासाभराने आणखी खुलली. दुसऱ्या घराचं नाव घेत नाही. पहिली पाच मिनिटं तिचं बरं चाललं, मग नुसता पिकल्या नासपतीचा गोडवा, मागे काहीच नाही. दोन्ही आर.एम., दोन्ही शार्दोने द्राक्षाच्या. डोळे मिटून घेतली असती तर कुठली हाती लागली असती?

दुसरं म्हणजे घाई. कायद्याने विंटेज शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान ३ वर्षं तळघरात हवी. मोठ्या घराची दों पेरिन्योंसारखी बाटली गाळावर (बाटलीत तळाशी बसलेल्या यीस्टवर) सात-आठ वर्षं काढते. बरीच छोटी घरं मात्र तीन वर्षं भरली की विकायला काढतात. २०१९ मध्ये साखरही होती आणि आम्लताही टिकली होती. जुलैच्या उष्णतेच्या लाटेत उघडे घड भाजले, पण जे वाचलं ते उत्तम होतं. ती वाइन आत्ता विकणं म्हणजे तिचं नुकसान आहे.

आणि तिसरं, ज्याबद्दल कुणी बोलतच नाही. शॅम्पेनचं खरं कसब मिश्रणात आहे. जुन्या सालांची राखीव वाइन घालून वाईट वर्षही सावरता येतं. म्हणूनच तर एका वर्षाच्या पिकातलं ८० टक्क्यांपेक्षा जास्त विंटेज म्हणून विकायला परवानगी नाही. छोट्या घराने दरवर्षी विंटेज काढली तर राखीव काय ठेवणार?

दोन लिटर

माझं अर्धं वाक्य उचलून त्यावर अख्खा धागा काढलात. मी 'नावाजलेली घरं' असं लिहिलं होतं.

घाईबद्दल बोलायचं तर तुम्ही लंडनमध्ये बसून सहा हेक्टरच्या माणसाला सांगताय की माल दहा वर्षं अडकवून ठेव. त्याच्या तळघरात पडलेली प्रत्येक बाटली म्हणजे बँकेचं व्याज. मालक एलव्हीएमएच कंपनीकडे पैसा आहे म्हणून दों पेरिन्यों थांबते, त्यात थोरवी कसली? छोटा माणूस थांबू शकत नाही, म्हणून थांबायचं काम घेणाऱ्याने करावं. मी करतो.

आणि शिस्त नाही म्हणता? क्लब त्रेझोर १९७१ मध्ये अशा शेतकरी घरांनीच काढला. 'स्पेशल क्लब'च्या त्या खास आकाराच्या बाटलीत वाइन जायची तर ती आधी बुडबुडे नसताना आणि नंतर बाटलीत मुरल्यावर, अशी दोनदा इतर सभासदांपुढे नाव झाकून चाखली जाते. साल पसंत नसेल तर बाटलीच निघत नाही. मोठ्या घरांत कोण कुणाला असं तपासतं?

मी पुण्यात राहतो. आयातीवर १५० टक्के कस्टम ड्यूटी, वर राज्याचा कर. छोट्या घरांच्या बाटल्या इथल्या दुकानांत मला तरी कधी दिसल्या नाहीत. विमानतळावरून माणशी दोन लिटर आणता येतात, म्हणजे दोनच बाटल्या. त्या दुकानात उभं राहून प्रत्येक गावाचा पाऊस मला पाठ नसतो. मला ढोबळ खूणच लागते, आणि आर.एम. ही चांगली खूण आहे.

रँसकर

खूण चांगली आहे, पण ती वाचता आली पाहिजे. आर.एम. म्हणजे स्वतःची द्राक्षं आणि स्वतःची वाइन, बाहेरून फार तर ५ टक्के. आर.सी. म्हणजे शेतकऱ्याने द्राक्षं सहकारी संस्थेला दिली, वाइन संस्थेने केली आणि तयार बाटल्या त्याने स्वतःच्या नावाने विकल्या. लेबलवर शेतकऱ्याचंच आडनाव, गावाचं नाव, कधी आजोबांचा फोटोसुद्धा. इथे शॅम्पेनमध्ये येणारे भारतीय पाहुणे हमखास ही बाटली 'छोट्या घराची' म्हणून घेऊन जातात. अक्षरं इतकी बारीक असतात की दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून दाखवावी लागतात.

उलटही होतं. काही उत्तम शेतकरी घरांनी शेजाऱ्यांची द्राक्षं घेता यावीत म्हणून एन.एम. (द्राक्षं विकत घेऊन वाइन करणारं घर) होणं पत्करलं. त्यांची वाइन रातोरात कारखान्याची झाली का? आणि रोदरेर तर मोठं घर. त्यांची 'क्रिस्टाल' स्वतःच्या बागांतली, २०१२ पासून पूर्ण बायोडायनॅमिक, म्हणजे एक प्रकारची सेंद्रिय शेती. शेतीच बघायची असेल तर तिथेही बघा.

एक बाटली मात्र 'तळघर' यांनाही चकवेल. ग्यो गावचे झेरोम प्रेव्हो 'ले बेगीन' एकाच वर्षाच्या म्युनिए या काळ्या द्राक्षापासून करतात, पण तीन वर्षांच्या आत विकतात. त्यामुळे ती कायद्याने विंटेज नाही आणि लेबलवर साल ठळक छापता येत नाही. बारीक अक्षरांतल्या कोडवरून वर्ष ओळखायचं. म्हणजे एका वर्षाची वाइन सालाशिवायही मिळते, तीही अव्वल.

मीठभाकर

इतका वेळ वाचतेय. आम्लता, गाळ, अक्षरं, सगळं आलं. द्राक्षं तोडली कुणी, ते एकाच्याही तोंडी नाही.

शॅम्पेनमध्ये यंत्राने तोडणी चालत नाही, घड अख्खा दाबयंत्रात जायला हवा म्हणून सगळं हाताने. दोन-तीन आठवड्यांत लाखभर माणसं लागतात. २०२३ च्या तोडणीत उन्हाच्या तडाख्यात काही मजूर दगावले. त्याच हंगामात पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या मजुरांना जनावरासारखं कोंडून ठेवलं म्हणून खटला झाला आणि २०२५ मध्ये शालाँच्या कोर्टाने शिक्षा सुनावल्या. मी बीड जिल्ह्यातली आहे. उचल देऊन टोळी नेणारा मुकादम कसा असतो ते मला कुणी समजावून सांगायला नको. शेतकरी छोटा आहे म्हणून मजूर सुखी, हे मी तरी मानत नाही.

तळघर

विषय गंभीर आहे, मान्य. पण तो या धाग्याचा नाही. वेगळा धागा काढा, मी येईन.

मीठभाकर

'वेगळा धागा काढा' हेच आम्ही प्रत्येक ठिकाणी ऐकतो. साखरेच्या भावाची चर्चा असते तेव्हा ऊसतोड वेगळा विषय असतो. वाइनच्या गुणाची चर्चा असते तेव्हाही तोडणी वेगळाच विषय. घड कधी तोडला यावर दोन परिच्छेद लिहिता आणि कुणी तोडला हे विचारलं की विषयांतर?

रँसकर

ताई, मी तोडलेत, म्हणून बोलतो. इथे शिकायला आलो त्या वर्षी मोंतान्य द रँसच्या एका गावात पहिल्यांदा गेलो. सहा-सात हेक्टरचं घर, तेच कुटुंब वर्षानुवर्षं. सकाळी धुकं असतानाच सुरुवात, हातात वाकड्या पात्याची छोटी कात्री, वेली कमरेखाली, म्हणून दिवसभर वाकून किंवा गुडघ्यावर. ओळीच्या टोकाला मालकाची आई कॉफीचा थर्मास घेऊन उभी असायची. दुपारी सगळे एका टेबलावर, मालकासकट. पैसे तासाने, कागद रीतसर.

पुढच्या वर्षी एका ठेकेदारामार्फत गेलो, मोठ्या बागेत. पैसे किलोवर. पहिल्या दिवशी जेवायला सावली नाही, दुपारपर्यंत पाणी संपलं आणि शेवटी हिशेबात क्रेट कमी धरले. त्या बागेच्या द्राक्षांवर कुणाचं लेबल लागलं ते मला कधी कळलंच नाही.

म्हणून मी छोट्या घरांच्या बाजूचा. पण हेही खरं की तोच ठेकेदार छोट्या घरांनाही माणसं पुरवत होता. आता बहुतेकांकडे जेवणाचं टेबल उरलेलं नाही, माणसंच मिळत नाहीत.

दिंडोरीचा बागायतदार

मी द्राक्षवाला. दोन शब्द माझेही ऐका.

शॅम्पेनमधल्या जवळपास ९० टक्के वेली शेतकऱ्यांच्या, आणि विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपैकी ७० टक्क्यांच्या वर मोठ्या घरांच्या. या आकड्यांतच सगळं आलं. १९११ मध्ये बाहेरची द्राक्षं आणून भाव पाडणाऱ्यांविरुद्ध तिथला शेतकरी रस्त्यावर उतरला, आयी गावात घरं-गोदामं जळाली, सैन्य आलं. त्याच शेतकऱ्याचा पणतू आज स्वतःच्या नावाने बाटली काढतो आणि तुम्ही त्याची आम्लता मोजता. आम्ही इथे फसफसत्या वाइनसाठी शनाँ ब्लां द्राक्षं आधी, साखर कमी असतानाच तोडून देतो. टेम्पो भरला की आमचं नाव संपलं. तिथल्या माणसाला किलोला ६ युरोच्या वर भाव मिळतो, तो द्राक्षं विकून सुखाने झोपू शकतो. तरी डाऊनी (वेलीवरचा बुरशीचा रोग), गारठा, कर्ज अंगावर घेऊन बाटली करतो. त्याला मान द्या.

मजुरांबद्दल ताईंचं बरोबर आहे. पण मुकादमाच्या पापाचं खापर छोट्या शेतकऱ्यावर फोडू नका. आमच्याकडेही तेच होतं, शिव्या बागायतदारालाच.

मीठभाकर

बाग त्याची, माल त्याचा, नफा त्याचा, मग माणूस मेला तर जबाबदारी मुकादमाची? दादा, हे मी फडावर उभी राहून ऐकलंय. तुम्ही चांगले असाल. प्रश्न चांगल्या-वाईट माणसाचा नाही, कुणाच्या नावाने हजेरी लागते त्याचा आहे.

दिंडोरीचा बागायतदार

माझ्याकडची हजेरी माझ्या वहीत असते. बघायला या. सगळ्यांना एका मापाने मोजू नका, एवढंच सांगतो.

वेर्त्यूची वाट

मातीबद्दलही थोडं. 'छोटा म्हणजे जमिनीची काळजी घेणारा' हे फार सहज बोललं जातं. १९९० चं दशक संपत येईपर्यंत शॅम्पेनच्या बागांत शहरांचा कचरा खत म्हणून पसरत, आणि तो पसरणाऱ्यांत छोटे शेतकरीही होते. अजूनही काही ओळींत चालताना मातीत निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे बुटाला लागतात. मी एक खिशात घालून आणला, नखाएवढा, कडा झिजलेल्या.

त्याच प्रदेशात आग्रापारांनी आविझमधली एक बाग घोडीकडून नांगरून घेतली आणि तिथल्या विंटेजला त्या घोडीचं, 'व्हेनुस'चं नाव दिलं. दोघेही छोटेच. म्हणून घर बघा, आकार नको.

दोन लिटर

ठीक आहे. 'डोळे मिटून' हे शब्द मागे घेतो. बाकी एकही नाही. दोन बाटल्या आणायच्या असतील तर मी आजही त्या आर.एम.च्याच आणीन. मोठ्या घराची बाटली मुंबईत कुठल्याही हॉटेलात मिळते, तिच्यासाठी बॅगेतली जागा का घालवू? आर.सी.चं मात्र लक्षात ठेवतो.

आणि 'तळघर', २०१८ वर सरसकट काट मारू नका. विल्मार या घराची 'ग्रां सेलिए दोर' २०१८ चाखा. ते मॅलोलॅक्टिक (आम्लता मऊ करणारी दुसरी आंबवणी) होऊच देत नाहीत, म्हणून उष्ण वर्षातही धार राहते.

तळघर

चाखली आहे, चांगली आहे. पण ती विल्मारची करामत, सालाची नाही. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

राखीव वाइनबद्दल कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून पुन्हा विचारतो. २०२१ मध्ये एप्रिलचा गारठा, मग पावसाळी उन्हाळा, डाऊनीने बागा धुऊन नेल्या, म्युनिए तर काही गावांत दिसेना. ज्यांनी आदल्या वर्षांची वाइन राखून ठेवली, त्यांचं घर त्यावर तरलं. ज्यांनी २०१८, २०१९, २०२० तिन्ही सालं विंटेज म्हणून विकून टाकली, त्यांनी काय केलं? आता कुठल्या छोट्या घराने २०२१ ची विंटेज काढली तर मी आधी विचारणार, हौसेने काढली की दुसरं काही शिल्लकच नव्हतं?

दोन लिटर

आणि मी ती आधी विकत घेणार. अशा वर्षी ज्याने पडेल ते वेचून, सडकं बाजूला काढून शंभर घडांतले दहा ठेवले, त्याचं काम मला प्यायचंय. इथे आपलं जमणार नाही.

मीठभाकर

वेचायला माणसं कुणामार्फत आणली आणि झोपायला कुठे दिली, हेही दारात विचारा. तुम्ही तिथे गिऱ्हाईक म्हणून जाता, तुम्हाला उत्तर द्यावंच लागतं.

रँसकर

विचारता येतं, आणि मी विचारतो. काहींना राग येतो, काही सरळ मागच्या अंगणातल्या खोल्या दाखवतात. जाणाऱ्यांनी आधी ईमेल करून वेळ घ्या, छोट्या घरांत दुकान नसतं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर टाळा, तेव्हा कुणी भेटत नाही. बाटलीच्या मागे गाळ काढल्याची तारीख आहे का बघा, नसेल तर विचारून लिहून घ्या. पुण्याला जाऊन दोन वर्षांनी उघडणार असाल तर सालाइतकीच ती तारीख लागते.