दुपारची मरगळ आणि अश्वगंधा

अश्वगंधा, सुंठ की हळदीचं दूध, यातलं काय घेतलं की दुपारची मरगळ जाऊन दिवसभर तरतरी राहील, असा प्रश्न आहे. त्याबद्दल थोडं.

अश्वगंधा चहा-कॉफीसारखी लगेच जाग आणत नाही. फरक पडलाच तर काही आठवड्यांनी, आणि तोही बहुधा झोप सुधारल्यामुळे. काहींना उलट गुंगी येते, म्हणून रात्री घेणं बरं. थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा यकृताची तक्रार असेल तर लांबच राहा. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' हे म्हणूनच मला पटत नाही. ज्येष्ठमधाचंही तसंच. रोज भरपूर पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो.

डब्यातले मसाले त्या मानाने निरुपद्रवी. जेवल्यावर जडपणा येऊन पेंग येत असेल तर सुंठ-जिरं कामाचं. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घाला, मिरीतल्या पिपरिनमुळे हळदीतला मुख्य घटक, कर्क्युमिन, जास्त शोषला जातो. (हळदीने अंगात जोर येतो, हे मात्र काही खरं नाही.)

थकवा रोजचाच असेल तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) तपासून घ्या. लोह कमी निघालं तर डॉक्टरांच्या गोळ्यांना पर्याय नाही. जोडीला जेवणात लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्यातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही.